करडी कोणाची

नाइयोमाने मला अकराव्यांदा बाभळीखाली उभं केलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगावर नवी लाल शाल, गळ्यात बायकोने ओवलेल्या मण्यांच्या चार माळा, हातात काठी. माझ्या लग्नातसुद्धा मला कुणी एवढं नटवलं नव्हतं.

"काका, जरा हसून म्हणा," फोन डोळ्यांपुढे धरून ती म्हणाली. "दूरदेशीच्या मित्रांनो, तुमच्या आधारामुळे आमचे सिंह जगले. तुमचे मनापासून आभार. एवढंच."

"हसून कसं म्हणू? आभार मानायचेत की दात दाखवायचेत?"

"पण तुम्ही रागावल्यासारखे दिसताय."

"तोंडच तसं आहे माझं. तुझ्या आईला विचार, आम्ही एकत्र वासरं राखलीत."

नाइयोमा शेजारच्या वस्तीतली. शहरात शिकून परत आली, आणि आता आमच्या सिंहांच्या कामाचं सगळं लिहिणं-वाचणं तीच बघते. मी, कासाइने, त्या कामातला माग काढणारा. अकरा वर्षं झाली. रोज सकाळी उठून चालत सुटायचं, धुळीतले पंजे वाचायचे, कुठला सिंह कुठे बसलाय ते गुराख्यांना सांगायचं, म्हणजे गुरं तिकडे जात नाहीत. कुणाचं जनावर रानात चुकलं तर सिंहाच्या आधी ते शोधून आणायचं. एवढं करूनही एखादी गाय गेलीच, तर भाले घेऊन निघालेल्या पोरांना विनवण्या करून परत फिरवायचं. या सगळ्याला लांबलांबची माणसं पैसे पाठवून आधार देतात, आणि वर्षातून एकदा नाइयोमा त्यांच्यासाठी आभाराचा व्हिडिओ करते.

या वर्षी व्हिडिओत करडीही हवी होती. करडी म्हणजे आमच्या कळपातली सगळ्यात देखणी कालवड. राखेच्या रंगाचं अंग, पोटाखाली पांढरी, डावं शिंग जरासं खाली वळलेलं. तिला दुपारीच कळपातून वेगळी काढून माझ्यामागे उभी केली होती, कारण आभाराची खरी गोष्ट तीच होती. पाचव्या खेपेपर्यंत ती मागे उभी होती हे मला आठवतं. पुढचं आठवत नाही. पुढे मी माझ्याच आवाजात रमलो होतो.

मी मुळात स्वप्नाळू माणूस. "किलुसूच्या बापाचं अर्धं डोकं पांढऱ्या डोंगरावर असतं, उरलेलं अर्धं जेवायला घरी येतं," असं माझी बायको नोलारी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खोटं नाही ते. एकोणिसाव्या वर्षी मी सिंह मारला. त्याबद्दल मला वेगळं नाव मिळालं, गाणी झाली, पोरी माझ्याभोवती नाचल्या. आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षं त्या सिंहाचे डोळे माझ्या झोपेत येत राहिले. पिवळे. त्यांत राग नसायचा. काहीतरी विचारायला यायचे आणि न विचारताच निघून जायचे. माग काढायचं काम धरलं त्याच मोसमात ते यायचे थांबले. का थांबले ते मला कधी कळलं नाही, पण झोप म्हणजे काय असते ते मला चाळिशीत समजलं.

म्हणून एका बाईचं पत्र माझ्या मनाला भिडलं. आल्मुत तिचं नाव. हे नाव मी तुम्हाला कळावं म्हणून एवढ्यापुरतं घेतो, एरवी मला ते घेता येत नाही. कुठल्याशा थंड बंदरात ती होड्यांची शिडं शिवते. आधार देणाऱ्या प्रत्येकाला इथला एक सिंह वाटून दिलेला असतो, त्याची खबरबात त्याला कळवायची. तिच्या वाट्याला नालेपो ही सिंहीण आली. नालेपो, म्हणजे धारेच्या वेळची, हे नाव मीच ठेवलेलं. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा वस्तीत धारा काढायची वेळ होती. दरवर्षी बाईचं पत्र यायचं आणि नाइयोमा ते वाचून दाखवायची. नालेपो कशी आहे? तिचा पाय बरा झाला का? पिल्लांनी डोळे उघडले का? आणि दोन वर्षांपूर्वीच्या पत्रात शेवटी एक ओळ होती: कासाइने तिकडे चालतो आहे हे ठाऊक असलं की मला इकडे झोप लागते.

मी नाइयोमाला ती ओळ तीनदा वाचायला लावली. माझी झोप जिच्या आधाराने परत आली, तिची झोप माझ्या पायांवर होती. हे असं कधी ऐकलं होतं कुणी?

त्या वर्षी मी आभाराच्या व्हिडिओत तोंड उघडायला नकार दिला. "नुसत्या तोंडाने आभार? पाहुण्याला दुधाचा रिकामा तुंबा पुढे करायचा का?" म्हणालो, आणि चार म्हाताऱ्यांसमोर, हातात हिरवं गवत धरून, करडी त्या बाईला देऊन टाकली. आमच्यात ज्याला कालवड दिली त्याला पुढे नावाने हाक मारत नाहीत. तो मला 'कालवड' म्हणणार, मी त्याला 'कालवड' म्हणणार, दोघांतला एक मातीत जाईपर्यंत. आणि हे नातं जोडलं की एकमेकांशी खोटं बोलायचं नाही. भाऊ भावाशी खोटं बोलला तर लोक चालवून घेतात, हे चालवून घेत नाहीत. तेव्हापासून ती माझी कालवडबाई. बाई तिकडे, तिची करडी इकडे, माझ्याच कुंपणात. नाइयोमाने फोटो पाठवला, सगळी रीत लिहून कळवली, आणि पुढचं पत्र आलं त्याची सुरुवात होती, 'माझ्या प्रिय कालवडीस'. वस्ती दोन दिवस पोट धरून हसत होती. मी पाण्यावर गेलो तरी पोरं लांबून हंबरायची.

हसली नाहीत दोन माणसं. एक नोलारी. ती चुलीपुढे बसून म्हणाली, "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! देताना पोराला विचारलंत?"

"कळप कुणाचा आहे?"

"कळप तुमचा. करडी कुणाची, ते वासरालासुद्धा माहीत आहे."

दुसरा किलुसू, माझा मुलगा. दुष्काळात लांबच्या कुरणावर करडी जन्मली तेव्हा तिची आई उठत नव्हती. किलुसूने ते वासरू खांद्यावर टाकून दोन दिवस चालत घरी आणलं, शेजारणीच्या गाईचं दूध मागून पाजलं. तिच्या कानावरची खूण त्यानेच कापली. मीच तेव्हा कौतुकाने म्हणालो होतो की ही तुझी. आता तो ऐन विशीतला भालाईत झालाय, केस वाढवलेत, अंगाला लाल माती लावतो. मी करडी दिली तेव्हा तो गर्दीत मागे उभा होता. एक शब्द बोलला नाही, आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागला.

मी काय केलं? काही नाही. स्वप्नं पाहिली. त्या वर्षभर मला एकच स्वप्न पडायचं. करडी बर्फात चरतेय. बर्फ मी फक्त आमच्या डोंगराच्या माथ्यावर पाहिलेला, तोही लांबून. स्वप्नात तो गुडघाभर असायचा आणि ऊबदार असायचा. कालवडबाई हातात सुई घेऊन करडीच्या मागे मागे चालायची, आणि दोघींच्या पायांचे ठसे उमटायचे नाहीत. माग काढणाऱ्याच्या स्वप्नात ठसे नसावेत याचं मला झोपेतही नवल वाटायचं.

तर, अकराव्या खेपेला मी म्हणे बरा हसलो. नाइयोमाने फोन खिशात टाकला. कळप धुरळा उडवत परत आला, आणि नोलारी कुंपणाच्या दाराशी उभी राहून बघायला लागली. आम्ही गुरं मोजत नाही, चेहरे बघतो. सगळी आत गेली तरी ती दारातून हलली नाही.

"करडी कुठाय?"

मी मागे वळलो. बाभळीखाली माझ्या जुन्या चपला तेवढ्या होत्या.

अंधार पडेपर्यंत मी, किलुसू आणि आणखी चौघे हाका मारत फिरलो. किलुसूची तिला बोलवायची एक शीळ होती, खालून वर जाणारी. ती शीळ त्या संध्याकाळी रानात किती वेळ घुमत होती ते मी सांगू शकणार नाही.

फटफटलं तसा मी एकटाच माग घेऊन निघालो. करडीचे खूर मला लगेच सापडले. रमतगमत गेली होती, इथे झुडपाला तोंड लावलेलं, इथे उभी राहून मागे बघितलेलं. कुणी बोलवायला येईल म्हणून बघितलं असेल. कोरड्या ओढ्यापाशी त्या खुरांवर पंजे पडले होते. मागच्या उजव्या पायाचा ठसा किंचित बाहेर फेकलेला. जगात कुठेही मी तो पंजा ओळखला असता. पुढे वाचायची इच्छा नव्हती, पण पाय चालत राहिले.

पीलूच्या गर्द झुडपाखाली नालेपो पडली होती. दोन पिल्लं करडीच्या पोटाशी तोंडं घालून बसली होती. करडीच्या पाठीवर पांढरी धूळ साचली होती आणि क्षणभर मला वाटलं, हे तेच स्वप्न आहे, आता बाई येईल. बाई आली नाही. नालेपोने मान उचलून माझ्याकडे बघितलं. ती मला अकरा वर्षं ओळखते, तिला माझा कंटाळा आलेला असतो. मी उलट पावली परत फिरलो.

वस्तीवर पोचलो तेव्हा पोरं निघालेलीच होती. आठ जण. भाल्यांची पाती पुसून लख्ख केलेली, सगळ्यांत पुढे किलुसू. गिधाडं घिरट्या घालताना त्यांना दिसली होती.

"कुठे निघालात?"

"तुमच्या लेकीला भेटायला," किलुसू म्हणाला. "बाबा, बाजूला व्हा."

"तिला दोन पिल्लं आहेत."

"करडीला आई नव्हती का? तिचे तुम्ही कधी बाभळीखाली उभं राहून आभार मानले?"

मागून एक पोरगा ओरडला, "त्यांना बाजूला होता येत नाही रे, व्हिडिओ चाललाय त्यांचा!" बाकीचे हसले. किलुसू हसला नाही. रात्रभर रडलेले डोळे होते त्याचे. दुसऱ्याची गाय मेली की मी किती गोड बोलायचो! त्या पोरांच्या खांद्यांवर हात टाकून बोलायचो. आज तो हात उचलला जाईना.

तेवढ्यात सेकेंटो आजोबा आले. वस्तीतला सगळ्यात जुना माणूस. त्यांनी आपलं तिपाई स्टूल बरोबर वाटेत ठेवलं, त्यावर बसले आणि तपकिरीची डबी काढली. आता त्यांना ओलांडून जाणार कोण?

"गाय कुणाची?" त्यांनी विचारलं.

 किलुसू माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय ऐकायचं होतं ते आज कळतं. तेव्हा मी रीतीप्रमाणे खरं तेच बोललो.

"माझ्या कालवडबाईची. तुमच्यासमोरच दिली मी."

"मग मालकिणीच्या शब्दाशिवाय भाला जाणार नाही. माझा बैल गेला तेव्हा मला न विचारता निघाला होतात का रे?"

"ती काय म्हणणार आजोबा?" मघाचाच पोरगा म्हणाला. "सिंहाची मावशी ती! मारू नका म्हणणार."

"सिंहाची मावशी म्हणून नाही विचारायचं. गाईची मालकीण म्हणून विचारायचं. सगळं सांगून विचारायचं. गाय कुणी सोडली, कुणी खाल्ली, पोरं कशाला उभी आहेत. ती मारा म्हणाली तर मीच तुमच्या भाल्यांवर आशीर्वादाचं दूध शिंपडीन. काय रे किलुसू?"

किलुसूने मान हलवली. आजोबांना नाही म्हणायची रीत नाही.

नाइयोमाला बोलावून आणली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग मला ओढत बाजूला घेऊन गेली.

"काका, नका सांगू. मी तुमच्या पाया पडते. मी विचारते तिला, पण असं विचारते की गाय दुसऱ्या कुणाची तरी आहे. करडी मजेत आहे म्हणून सांगू. त्या लोकांना चांगलं ऐकायचं असतं. उद्या व्हिडिओ जायचाय. ही बाई सोडून गेली की बाकीचेही जातील. मग माग काढायला कोण राहील? नालेपो आज वाचली तरी पावसाळ्यापर्यंत टिकेल का?"

पोर खोटं बोलत नव्हती. तिला सिंह माझ्याइतकेच प्यारे आहेत, फक्त तिची त्यांच्याशी भेट कमी. मी म्हणालो, "नाइयोमा, तिला मी कालवड म्हणतो. मला खोटं बोलता येत नाही. तू एकही शब्द गाळू नकोस. मला तिकडची भाषा येत नाही, पण तोंड बघून गाळलेलं कळतं."

फोन आमच्याकडे एकाच ठिकाणी लागतो, टेकडीवरच्या सपाट खडकावर. सगळे तिकडे चढलो. सकाळ चांगली वर आली होती. खालचं रान तापून हलायला लागलं होतं, पांढऱ्या डोंगराचा पाया ढगांत बुडाला होता आणि माथा तेवढा आभाळात सुटा तरंगत होता. आठ भाले, एक म्हातारा, एक रडवेली मुलगी आणि मी. आपण जागे आहोत का हे बघायला मी खडकावर टाच घासून बघितली.

फोनमध्ये ती आली. कापलेले पिकले केस, नाकावर चष्मा. तिच्या मागे भिंतभर पांढरं काहीतरी पसरलेलं, मला वाटलं बर्फच घरात आलाय. शीड होतं ते, शिवायला घेतलेलं. मला बघून ती हसली आणि आमच्या भाषेत तिला येतो तेवढा एकच शब्द म्हणाली, "कालवड!"

पोरांपैकी कुणीही हंबरलं नाही.

मी सांगितलं. काल तुझे आभार मानत होतो. करडीला मीच कळपातून काढून माझ्यामागे उभी केली. माझं लक्ष माझ्याच तोंडाकडे होतं. ती भटकली, आणि नालेपोने तिला खाल्ली. तू जिला सांभाळतेस तिनेच. ही पोरं भाले घेऊन उभी आहेत. गाय तुझी, शब्द तुझा. नाइयोमा एकेक वाक्य थांबून थांबून सांगत होती आणि मी बाईच्या तोंडाकडे बघत होतो. काही गाळलं नाही तिने.

 बाईने चष्मा काढला. सुई हातातच होती, तशाच हाताने तिने डोळे पुसले आणि रडायला लागली. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग तिने काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" आजोबांनी विचारलं.

नाइयोमा म्हणाली, "ती विचारते, करडीला फार त्रास झाला का?"

 माझ्यामागे एक पोरगा हळूच म्हणाला, "गाईसाठी रडतेय." अकरा वर्षांत इथे किती गाई गेल्या. दर वेळी तिकडून निरोप यायचा, सिंह सुखरूप आहे ना? गाईचं कुणी विचारलं नव्हतं. त्या पोरांच्या रागाचं मूळ तिथेच होतं, आणि मी ते माहीत असून कधी तिकडे कळवलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "मानेला एकच चावा. झटापटीच्या खुणा नव्हत्या. लवकर गेली."

मग तिने विचारलं, तिला लहानाची मोठी कुणी केली?

मी म्हणू शकलो असतो, आम्ही सगळ्यांनी. पण म्हणालो, "माझ्या मुलाने. हा काय, इथेच उभा आहे. किलुसू."

आणि मग नाइयोमाने जे सांगितलं ते मान खाली घालून सांगितलं. "ती विचारते, मला करडी देताना तुम्ही त्याला विचारलं होतं का?"

 खरं सांगतो, एकोणिसाव्या वर्षी सिंह अंगावर आला तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो. नोलारीने विचारलं तेव्हा मी कळप पुढे केला होता. आता पुढे करायला काही नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "विचारलं नव्हतं."

बाई बोलली. शांतपणे, बराच वेळ बोलली. नाइयोमा ऐकत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं.

"सांग," मी म्हणालो. "गाळू नकोस."

"ती म्हणते, तुमच्या आभारांचा तिला फार आनंद झाला होता. पण मग करडी तिची कधी झालीच नव्हती. जी त्याची होती ती तुम्ही दिलीत आणि तिने घेतली, दोघंही चुकलात. शब्द तिचा नाही. ज्याची करडी त्याला विचारा, म्हणते. तो मारा म्हणाला तरी तिला मान्य आहे. ती रागावणार नाही आणि कुणाला सोडूनही जाणार नाही."

किलुसूने फोन हातात घेतला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात भाला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"तिला सांग," तो नाइयोमाला म्हणाला, "करडीचं डावं शिंग खाली वळलेलं होतं. फोटोत दिसलं नसेल."

नाइयोमाने सांगितलं, ऐकलं. "दिसलं होतं, म्हणते. फोटो तिच्या भिंतीवर आहे. शिवताना रोज समोर असतो."

किलुसूने फोन परत दिला. निर्णय काही सांगितला नाही. "तुम्ही इथेच थांबा," पोरांना म्हणाला आणि टेकडी उतरायला लागला, भाल्यासकट, ओढ्याच्या दिशेने. पोरं आजोबांकडे बघायला लागली. आजोबा मला म्हणाले, "जा, बाप आहेस ना?"

मी मागे निघालो. उन्हाचे चटके बसत होते. रान पाण्यासारखं हलत होतं, आणि किलुसूची लाल शाल कधी जवळ यायची, कधी लांब जायची. तो मारणार होता की काय, मला माहीत नव्हतं. एकट्या भालाइताने पिल्लं असलेल्या सिंहिणीसमोर जाणं म्हणजे काय ते त्यालाही माहीत होतं. मला हाक मारून थांबवता आलं असतं, पण कुठल्या तोंडाने? आज शब्द त्याचा होता. ओढ्यापाशी मी त्याला गाठलं.

"किलुसू, मी चुकलो. काल अकरा वेळा जगाचे आभार मानले. तुझी करडी दिली, तुझ्या गुरांच्या जिवावर मी सिंह वाचवतो, आणि तुला साधं विचारलंही नाही कधी. आभार तर सोडूनच दे."

"आता बोलू नका," तो पुटपुटला. "वारा तिकडेच जातोय."

मी गप्प बसलो. बोलला तर खरं माझ्याशी.

पीलूच्या झुडपापासून चाळीस पावलांवर एक वारूळ आहे. तो वारुळाच्या पुढे जाऊन उभा राहिला. नालेपो उठली. पिल्लं तिच्या मागे सरकली. तिने कान मागे घेतले, शेपटी एकदा जमिनीवर आपटली, आणि पोटातून आवाज काढला. तिच्या बरगड्या दिसत होत्या. किलुसूचा भाल्याचा हात खांद्याच्या वर गेला. मी त्याच्या मागे दोन पावलांवर होतो आणि मला तिचे डोळे दिसत होते. ते डोळे आता वीस वर्षं त्याच्या झोपेत येतील, हे मला त्याला सांगायचं होतं. नाही सांगितलं.

तो तसाच उभा राहिला. मग हात हळूहळू खाली आला.

"खा," तो तिला म्हणाला. "पुरती खा. तुझ्या पोरांना पण घाल. हाडाला मांस ठेवू नकोस. दोन दिवस खांद्यावरून आणली होती मी तिला. तिचं काही वाया जायला नको."

मग तो उलट पावली सरकत वारुळाच्या मागे आला आणि खाली बसला. मी त्याच्या शेजारी बसलो.  मग तिकडून हाडं फुटायचा आवाज यायला लागला, आणि किलुसूने माझा हात धरला.